उजवा खिसा रिकामा ठेवायला शिका

गेल्या दिवाळीत एका घरी फराळाला जमलो होतो. ग्रीन कार्ड हातात पडून दोन महिने झालेला एक मुलगा हळूच बाजूला घेऊन म्हणाला, "दादा, पिस्तूल घ्यायचंय. खिशात मावेल असं. कुठलं घेऊ?"

मी म्हटलं, "आधी उजव्या खिशातलं सगळं टेबलावर काढ."

त्याने काढलं. फोन, गाडीची किल्ली, तीन क्वार्टर, दुकानाची चुरगळलेली पावती, च्युइंग गमचं पाकीट आणि आईने कुरिअरने पाठवलेली अंगाऱ्याची पुडी. "हे सगळं कायमचं डाव्या खिशात नाहीतर पिशवीत हलवता येईल का? आजच्या पुरतं नाही, कायमचं. येत असेल तर पिस्तुलाचं बोलू."

तो हसला. मी मात्र चेष्टा करत नव्हतो. टेक्सासात मी औषधांचं दुकान चालवतो. रात्री नऊला कुलूप लावून एकटाच पार्किंगमध्ये येतो आणि बरीच वर्षं उजव्या खिशात पिस्तूल ठेवतो. नवीन माणूस महिनाभर मॉडेलं बघत बसतो आणि खिशाचा विचार पाच मिनिटंही करत नाही, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. म्हणून हे लिहितोय. यातलं सगळं टेक्सासच्या हिशेबाने आहे. तुम्ही दुसऱ्या राज्यात असाल तर तिथला कायदा आधी वाचा.

आधी व्हिसा बघा

आपल्या लोकांसाठी हे सगळ्यात महत्त्वाचं आहे, आणि नेमकं हेच गन-दुकानातला गोरा विक्रेता स्वतःहून सांगेल याची खात्री नाही. एच-वन, एल-वन, एफ-वन, एच-फोर अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याने तुम्हाला गन किंवा काडतूस जवळ बाळगता येत नाही. राज्य कितीही मोकळं असो, हा नियम देशभर आहे. नेमबाजीच्या रेंजवर भाड्याची गन हातात घेणंही यातच येतं. ऑफिसच्या टीमबरोबर 'जरा गंमत म्हणून' जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. वैध हंटिंग लायसन्स असेल तर सूट आहे आणि काही जण तो रस्ता धरतात. पण त्या कागदाच्या भरवशावर रोज खिशात पिस्तूल घेऊन फिरण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला फी देऊन विचारा. व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारू नका. या कलमाखाली २०२२ पासून कमाल शिक्षा १५ वर्षांची आहे, आणि शिक्षा कमी झाली तरी अशा गुन्ह्यावरून देशाबाहेर काढलं जाऊ शकतं.

घरात नवऱ्याचं ग्रीन कार्ड आणि बायको अजून व्हिसावर, किंवा उलटं, असं असतं तिथे आणखी एक गोष्ट. जिला बाळगायची परवानगी नाही तिच्या हाती लागेल अशी गन घरात नको. तिजोरीचा नंबर एकालाच ठाऊक असावा.

ग्रीन कार्डवाले आणि सिटिझन यांचा मार्ग सरळ आहे. दुकानातून हँडगन घ्यायला वय २१ लागतं. ४४७३ नंबरचा फॉर्म भरायचा, त्यात ग्रीन कार्डवाल्याने आपला एलियन नंबर लिहायचा, मग एफबीआयची पार्श्वभूमी तपासणी होते. त्या फॉर्मवर गांजाबद्दलही प्रश्न आहे. तुमच्या राज्यात गांजा कायदेशीर असला तरी फेडरल कायद्यात तो नाही, हे फॉर्मवरच छापलेलं असतं. खोटं उत्तर देणं हा स्वतंत्र गुन्हा.

टेक्सासात १ सप्टेंबर २०२१ पासून, गन बाळगायला अपात्र नसलेल्या २१ वर्षांवरच्या माणसाला परवान्याशिवाय हँडगन घेऊन फिरता येतं. तरीही परवाना काढाच, ज्याला इथे सगळे एलटीसी (लायसन्स टू कॅरी) म्हणतात. क्लास चार ते सहा तासांचा, सरकारी फी ४० डॉलर. गोळीबाराची परीक्षा ५० गोळ्यांची असते: ३ यार्डांवरून २०, ७ वरून २० आणि १५ वरून १०. अडीचशेपैकी १७५ गुण मिळाले की पास. फार अवघड नाही. क्लासमध्ये दोन मावश्या होत्या, दोघी माझ्यापेक्षा चांगल्या मार्कांनी पास झाल्या.

परवान्याचं खरं कारण शाळा. फेडरल कायद्याप्रमाणे शाळेपासून १,००० फुटांच्या आत गन नेता येत नाही. त्या राज्याचा परवाना असलेल्याला यातून सूट आहे, परवान्याशिवाय फिरणाऱ्याला नाही. आपण राहतो त्या सबडिव्हिजनांमध्ये दर वळणावर एक एलिमेंटरी असते. दूध आणायला निघालात तरी दोन शाळांच्या हद्दीतून जाता.

कुठे न्यायचं नाही

मराठी माणसाचा शनिवार-रविवार डोळ्यांसमोर आणा. महाराष्ट्र मंडळाचा गणेशोत्सव कुठे असतो? बहुतेक वेळा भाड्याने घेतलेल्या हायस्कूलच्या ऑडिटोरियममध्ये. मुलांची मराठी शाळा? पुष्कळदा कुठल्यातरी शाळेच्याच वर्गांत. रविवार असला, शाळा बंद असली, तरी इमारत शाळेचीच. परवाना असला तरी आत पिस्तूल न्यायचं नाही. मोदकाच्या रांगेत उभं राहिल्यावर हे आठवून उपयोग नाही.

देवळाचं वेगळं. टेक्सासात प्रार्थनास्थळी आपोआप बंदी नाही, पण तिथल्या मंडळींनी पाटी लावली किंवा सांगितलं की संपलं. दारावरच्या पाट्या वाचायची सवय लावा. '३०.०६' म्हणजे परवानाधारकाने लपवलेली हँडगनही आणू नये, '३०.०७' म्हणजे उघडी आणू नये, '३०.०५' म्हणजे परवान्याशिवाय फिरणाऱ्यांना मनाई. दारूच्या जागी लाल अक्षरांत '५१%' दिसलं तर त्या जागेची निम्म्याहून अधिक कमाई तिथेच पिण्याच्या दारूवर आहे. तिथे पाऊलही टाकायचं नाही. पोस्ट ऑफिस तर पार्किंगसकट वर्ज्य, कारण ती फेडरल जागा. राखी पाठवायला जाताना पिस्तूल घरी. आणि पार्टीत बिअर घेणार असाल तरीही घरी. नशेत हँडगन बाळगणं हाच गुन्हा आहे.

पिस्तूल कुठलं

यावर लोक तासन् तास बोलतात, मी थोडक्यात उरकतो. खिशासाठी मुख्यतः दोन जाती.

एक, छोटं पाच गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर. स्मिथ अँड वेसनची १९५० पासून चालत आलेली 'जे-फ्रेम' सगळ्यांना माहीत असते. त्यातलं ६४२ मॉडेल खिशासाठी मुद्दाम घडवल्यासारखं आहे. त्याचा घोडा (गोळीवर आपटणारा हॅमर, ट्रिगर नव्हे) आत झाकलेला असतो, त्यामुळे बाहेर काढताना कापडात काही अडकत नाही. वजन ४०० ग्रॅमच्या आसपास. ट्रिगर लांब आणि जड, आणि नवशिक्यासाठी हे मला चांगलंच वाटतं. वाईट बाजू अशी की हलक्या चौकटीतून त्याचं .३८ स्पेशल काडतूस झाडल्यावर तळहात झणझणतो, आणि पाचच गोळ्या.

दुसरं, चपटं सेमी-ऑटोमॅटिक. २०२१ मधलं रुगरचं एलसीपी मॅक्स .३८० काडतुसाचं आहे, ३०० ग्रॅमच्या आसपास, मॅगझिनमध्ये, म्हणजे मुठीत बसणाऱ्या गोळ्यांच्या पेटीत, दहा गोळ्या. सिगचं पी३६५ हे २०१८ चं, ९ मिमीचं, वजन अर्धा किलो. ते माझ्या जाड कापडाच्या पँटमध्ये बसतं, पातळ उन्हाळी पँटमध्ये दगडासारखं लोंबतं. सेमी-ऑटोमॅटिकचा ट्रिगर साधारण हलका असतो, म्हणून होल्स्टरशिवाय, म्हणजे पिस्तुलाच्या आवरणाशिवाय, ते खिशात टाकणं अजिबात चालणार नाही.

एक गैरसमज खोडून टाकतो. लहान पिस्तूल म्हणजे सोपं पिस्तूल नव्हे. नळी आखूड, पकड दोन बोटांची, झटका जास्त, नेम धरायला अवघड. ते अनुभवी हातासाठी असतं, पण खपतं नवशिक्यांना. म्हणून विकत घेण्याआधी रेंजवर तेच मॉडेल भाड्याने घेऊन पन्नास गोळ्या चालवा. पंचविसाव्या गोळीनंतर हात मागे घ्यावासा वाटला तर ते तुमच्यासाठी नाही.

होल्स्टर आणि खिसा

आता मुद्द्यावर येतो.

खिशातलं होल्स्टर म्हणजे पट्ट्याला लावायची म्यान नव्हे. एक छोटं, बहुधा खरबरीत पृष्ठभागाचं पाकीट, जे पिस्तुलासकट खिशात राहतं. त्याची कामं अशी: ट्रिगर पूर्ण झाकणं, पिस्तूल उभं धरून ठेवणं म्हणजे मूठ नेहमी वरच सापडेल, बाहेरून पिस्तुलाचा आकार मोडणं, आणि पिस्तूल ओढलं की स्वतः खिशातच राहणं. चौथं काम लोक विसरतात. दुकानात होल्स्टर हातात घेऊन 'छान मऊ आहे' म्हणायचं आणि घेऊन यायचं, मग पहिल्याच सरावात पिस्तुलाबरोबर होल्स्टरही बाहेर. ट्रिगर अजून आतच कोंडलेला, आणि तुम्ही हातात मोजा चढवलेलं पिस्तूल धरून उभे. घरी आणल्यावर, पिस्तूल रिकामं असल्याची दोनदा खात्री करून, वीस वेळा काढून बघा. वीसपैकी एकदा जरी होल्स्टर बरोबर आलं तरी ते बदला.

ट्रिगरभोवतीचा भाग कडक हवा. बाहेरून बोटाने दाबलं आणि ट्रिगरपर्यंत दाब पोचला तर ते होल्स्टर नाही, नुसती पिशवी आहे. जुनं, मऊ पडलेलं चामडं इथे दगा देतं. त्याची कड आत दुमडते आणि पिस्तूल आत सारताना तीच कड ट्रिगरवर दाबते.

आता पँट. पुढचा खिसा, ज्या हाताने लिहिता त्या बाजूचा. मागचा खिसा कधीच नको, कारण तिथे बसायचं असतं. जॅकेटचा खिसाही मी मना करतो. आपण जॅकेट काढून सोफ्यावर टाकतो, रेस्टॉरंटमध्ये खुर्चीला अडकवतो. मग पिस्तूल तुमच्याजवळ नसतं, खुर्चीजवळ असतं. पाच वर्षांचं पोर त्या खुर्चीजवळच खेळत असतं.

खिशाचं तोंड रुंद असावं आणि खोली एवढी की मूठ पूर्ण झाकली जाईल. मोजमाप सोपं आहे. खिशात हात घाला, बंद मूठ करा आणि बाहेर काढायचा प्रयत्न करा. अडकली ना? जीन्समध्ये जवळजवळ सगळ्यांची अडकते. म्हणून खिशातून पिस्तूल काढताना मूठ आवळायची नसते. अंगठा पिस्तुलाच्या मागच्या टोकावर ठेवायचा, त्याने हाताची रुंदी कमी होते, आणि खिशाबाहेर आल्यावरच पकड पूर्ण करायची. बोट मात्र शेवटपर्यंत ट्रिगरबाहेर, नळीला समांतर.

ट्रॅक पँट, लेंगा, झोपायची शॉर्ट्स यांत पिस्तूल ठेवायचं नाही. नाडी ते वजन पेलत नाही. वहिनींनी विचारलं होतं, "आमच्या पंजाबी ड्रेसला खिसाच नसतो, मग पर्समध्ये ठेवू?" पर्स म्हणजे खिसा नव्हे. ती टेबलावर राहते, दुसऱ्याच्या हातात जाते, चोराला पहिली तीच हवी असते. पर्सवर वेगळं लिहायला हवं, इथे नको.

आणि पुन्हा तेच: त्या खिशात दुसरं काहीही नाही. पेन, किल्ली, लिप बाम, नाणं, काहीही ट्रिगरच्या कडीत शिरू शकतं. होल्स्टर असलं तरी नाही. सवय मोडायला मला पंधरा दिवस लागले. दुकानात पैसे देताना हात आपोआप उजवीकडे जायचा. मग मी एक युक्ती केली. पहिले पंधरा दिवस पिस्तूल न घेता नुसतं रिकामं होल्स्टर खिशात ठेवून फिरलो. किल्लीसाठी हात गेला की बोटाला खरबरीत काही लागायचं आणि मी स्वतःला 'डावीकडे' म्हणायचो. पंधरा दिवसांनी हात शहाणा झाला.

त्यानंतरचे दोन आठवडे पिस्तूल ठेवलं, पण चेंबर, म्हणजे गोळी झाडण्याआधी जिथे बसते ती जागा, रिकामं. सेमी-ऑटोमॅटिक असेल तर हे नक्की करा. रोज रात्री काढून बघा की दिवसभरात ट्रिगर कधी दाबला गेला होता का. दोन आठवडे काही झालं नाही की होल्स्टरवरही विश्वास बसतो आणि स्वतःवरही.

परत ठेवताना

अपघात काढताना कमी आणि परत ठेवताना जास्त होतात, असं मला शिकवणारे म्हणायचे. हातात पिस्तूल धरून ते खिशातल्या होल्स्टरमध्ये खुपसायचा प्रयत्न केलात तर नळी नेमकी मांडीकडे असते. मांडीतून मोठी रक्तवाहिनी जाते. म्हणून क्रम ठरलेला: रिकामं होल्स्टर खिशातून बाहेर काढा, नळी सुरक्षित दिशेला ठेवून पिस्तूल त्यात बसवा, डोळ्यांनी बघा की ट्रिगर झाकला गेला, आणि मग दोन्ही एकत्र खिशात सरकवा. घाई करायची नाही. पिस्तूल परत ठेवायची घाई असण्याचं कारण जगात कुठलंच नाही.

सराव

जेफ कूपर या अमेरिकन गन-प्रशिक्षकाचे चार नियम क्लासमध्ये शिकवतात, आपल्या शब्दांत सांगतो. प्रत्येक गन भरलेलीच समजा. जे उडवायचं नाही त्याकडे नळी वळवू नका. नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरवर नको. आणि ज्यावर नेम धरलाय ते काय आहे, त्याच्या मागे काय आहे, हे माहीत असू द्या. चौथा नियम इथल्या घरांत फार महत्त्वाचा. आतल्या भिंती लाकडी चौकट आणि जिप्समच्या असतात, गोळी अशा दोन भिंती सहज पार करते. पलीकडे मुलीची खोली.

घरचा सराव रिकाम्या पिस्तुलाने. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा, खरंच दुसऱ्या खोलीत, त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नाही. चेंबर डोळ्यांनी बघा, मग करंगळी घालून बघा. दिवसाला दहा वेळा, सावकाश. वेग आपोआप येतो. महिन्यातून एकदा रेंजवर जाऊन खिशातल्याच पिस्तुलाने पन्नास गोळ्या, ३ आणि ७ यार्डांवरून. मोठ्या पिस्तुलाने छान नेम लागतो म्हणून खूश होऊन घरी येण्यात अर्थ नाही.

खिशाची एक जमेची बाजू आहे, ती सांगायला हवी. अंधाऱ्या पार्किंगमध्ये हात खिशात घालून चालणारा माणूस कुणाला विचित्र वाटत नाही. हात आधीच मुठीवर असतो आणि तरी काही दिसत नाही. पट्ट्याला लावलेल्या पिस्तुलाला हे जमत नाही.

वाईट बाजूही सांगतो. गाडीत बसलं, सीटबेल्ट लावला की खिशातलं पिस्तूल जवळजवळ निरुपयोगी. मांडीच्या घडीत ते दाबलं जातं आणि हात शिरत नाही. गाडीत धोका वाटला तर पहिलं हत्यार ॲक्सिलरेटर.

आपल्या घरांतली उठबस

इंग्रजी व्हिडिओंत हे सापडणार नाही, कारण तिकडे कुणी जमिनीवर मांडी घालून बसत नाही. सत्यनारायणाला बसलात, पंगतीत बसलात, की खिशाचं तोंड आडवं होतं आणि पिस्तूल बाहेर सरकायला लागतं. वाकून नमस्कार करताना मूठ वर डोकावते. साष्टांग नमस्कार तर विचारूच नका, मांडीखाली लोखंड येतं. माझा नियम असा की जिथे जमिनीवर बसायचंय तिथे पिस्तूल न्यायचंच नाही. काकू-मावश्या मिठी मारतात, लहान पोरं धावत येऊन मांडीवर चढतात, हेही त्याच यादीत धरा.

बाथरूममध्ये गेलात तर पिस्तूल खिशातच राहू द्या. पँट खाली घेताना खिशाचं तोंड हाताने दाबून धरा. काढून टिश्यूच्या डब्यावर किंवा हुकाला ठेवायचं नाही. सार्वजनिक संडासात विसरलेली पिस्तुलं सापडतात, आणि ती बहुधा पुढच्या माणसालाच सापडतात.

दर रविवारी होल्स्टर उलटं करून झटका. एकदा मी महिनाभर कंटाळा केला. पिस्तूल काढून टॉर्चच्या उजेडात बघितलं तर घोड्याच्या फटीत कापसासारखा मळ साचला होता आणि नळीच्या तोंडाशी काहीतरी गुलाबी चिकटलं होतं. टाचणीने काढलं. साखरेच्या पाकातली बडीशेप! कुठल्यातरी देशी हॉटेलातून निघताना मूठभर घेतली असणार, आणि हात उजव्या खिशात गेला असणार. हात शहाणा झाला असं वर लिहिलंय, पण जेवण झाल्यावर तो पुन्हा मूर्ख होतो.

टेक्सासच्या उन्हाळ्यात घामाचाही त्रास आहे. खिसा मांडीला चिकटलेला, कापड ओलं. आठवड्यातून एकदा पुसून तेलाचा हलका हात फिरवा. रोज त्याच त्या गोळ्या काढ-घाल केल्या तर त्याही खराब होतात. मी सहा महिन्यांनी बदलतो, जुन्या रेंजवर संपवतो.

घरी आल्यावर

पँट काढून दाराला अडकवताना पिस्तूल आतच राहतं, हा नवशिक्यांचा नेहमीचा घोटाळा. दारातून आत आलात की पहिलं काम, चपला काढण्याच्याही आधी: होल्स्टरसकट पिस्तूल खिशातून काढून कुलपाच्या पेटीत. बोटाच्या ठशावर किंवा नंबरावर उघडणाऱ्या छोट्या पेट्या मिळतात. टेक्सासात १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली गन लागू देणं हा गुन्हा आहे, पण हे कायद्यासाठी कशाला सांगायला हवं? भारतातून आजी-आजोबा आले असतील तर त्यांनाही सांगा की या पेटीला हात लावायचा नाही. नाहीतर आजी साफसफाई करताना ती हलवतात.

गाडीत सोडून जायची वेळ आलीच, जसं की पोस्टात, तर सीटखाली केबलने बांधलेल्या पेटीत. आणि ते पोस्टाच्या पार्किंगमध्ये नाही, हे वर लिहिलंच आहे. ग्लोव्ह बॉक्स म्हणजे चोराला दिलेली भेट.

आणखी एक, थोडं अवघड. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. घरात कुणी खचलेलं असेल, नोकरी गेली असेल, लग्न मोडत असेल, तर त्या काळात पिस्तूल घराबाहेर ठेवायची सोय करा. स्वतःबद्दलही हे खरं आहे. अशा वेळी मदतीसाठी फोन करायचा ९८८ हा नंबर चोवीस तास चालू असतो. आपल्याकडे यावर कुणी बोलत नाही म्हणून लिहिलं.

बाहेर काढायचं कधी

कोणी जीवावर उठलंय, आत्ता, या क्षणी, आणि दुसरा मार्ग नाही, तेव्हाच. टेक्सासचा कायदा स्वसंरक्षणात बराच मोकळा आहे. तुम्ही त्या जागी हक्काने असाल आणि भांडण तुम्ही काढलं नसेल तर पळून जायची सक्ती नाही. पण कायद्याने सक्ती नाही म्हणून पळून जायचं नाही असं थोडंच आहे? पाकीट मागितलं तर द्या. पार्किंगवरून वाद झाला तर 'सॉरी' म्हणून निघा. खिशात पिस्तूल आलं की माणसाने आधीपेक्षा जास्त लेचंपेचं वागावं असं माझं मत आहे. समोरच्याला घाबरवण्यासाठी नुसतं दाखवणं हाही गुन्हा होऊ शकतो. 'दाखवलं फक्त' हे कोर्टात उत्तर नाही.

पोलिसाने गाडी थांबवली तर रात्री आतला दिवा लावा, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवा. ओळखपत्र मागितल्यावर ड्रायव्हिंग लायसन्सबरोबर एलटीसीही द्यायचं असतं. "ऑफिसर, माझ्याकडे परवाना आहे, पिस्तूल उजव्या खिशात आहे, माझं पाकीट डाव्या खिशात आहे. हात कसा नेऊ?" एवढंच, सावकाश. वाक्याची सुरुवात 'गन' या शब्दाने करायची नाही. पाकीट डावीकडे असण्याचा फायदा इथे कळतो.

राज्य ओलांडताना आणि इंडियाला जाताना

टेक्सासचा परवाना बऱ्याच राज्यांत चालतो, सगळ्यांत नाही. न्यू जर्सी, न्यू यॉर्क, कॅलिफोर्निया बाहेरचा परवाना मानत नाहीत. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने न्यू यॉर्कची 'खास कारण दाखवा' ही अट रद्द केली, त्यामुळे तिथे राहणाऱ्यांना परवाना मिळणं सोपं झालं. पण टेक्सासातून न्यू जर्सीत एडिसनला भावाकडे जाणाऱ्या तुम्हाला त्याचा काही उपयोग नाही. देशांतर्गत विमानात गन फक्त चेक-इन सामानात, रिकामी, कडक कुलूपबंद पेटीत, काउंटरवर सांगून.

इंडियाला जाताना मात्र पिस्तूल सोडाच, एक सुटं काडतूसही बरोबर गेलं तर सुट्टी पोलीस ठाण्यात जाते. आपल्या विमानतळांवर सामानात विसरलेल्या काडतुसावरून आर्म्स ॲक्टखाली गुन्हे दाखल होतात, आणि इकडे घरोघरी असणारं ९ मिमी तिकडे निषिद्ध बोअर आहे. रेंजवर नेलेली बॅग नंतर प्रवासाला वापरणं, हे याचं नेहमीचं कारण. माझ्या रेंजच्या बॅगेला मी लाल टेप गुंडाळून ठेवलीय आणि ती गराजमधून घरात येत नाही. मुंबईच्या विमानाच्या आदल्या रात्री बायको लाडवांचे डबे भरते, आणि मी न्यायच्या प्रत्येक पँटचा उजवा खिसा उलटा करून बघतो.